भिंतीपलीकडचा फोन

आमच्या घरातलं इंटरनेट पंधरा दिवस माझ्यामुळे रखडत चाललं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारीने काहीतरी शोध लावला आणि आता फुशारकी मारायला बसली आहे. शोध मीच लावला, हे खरं. पण चोरही मीच होते, त्यामुळे त्यात फार हुशारी नव्हती.

फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हाची गोष्ट. आता माझ्या नातीच्या मोबाइलवर सिनेमा जरासा अडकला की ती असं तोंड करते, जसं काही घरात कोणी गेलं. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. मॉडेम किंचाळायला लागला की रडायचं थांबवून टाळ्या वाजवायची. त्या आवाजाने खूश होणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

आम्ही घणसोलीला राहतो, तळवली गावाच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हा घरात मी, नवरा, मुलगा, सून आणि ही पोर. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातून रिटायर झालेला, मुलगा बँकेत. सून महापेला एका ऑफिसात जायची. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाले की काय आजार, काय औषध, ते सगळं बोलून ठेवायचे. ते बोलणं इकडे यायचं आणि ते कानाला लावून ही टाइप करायची. त्या डॉक्टरांचं इंग्रजी एवढं घाईचं की मी एकदा ऐकून विचारलं, "याला कोणी मारतंय का?"

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा प्रश्न आला, पोर कोणाकडे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ सांगितलं, "मी चार वाढवली. पाचवं वाढवणार नाही. जेवायच्या-आंघोळीच्या वेळेला घेईन, दिवसभर नाही. गुडघे माझे आहेत."

मुलगा रागावला. सून नाही रागावली. म्हणाली, "मला माहीत होतं आई. म्हणूनच मी ऑफिसात घरून काम मागून ठेवलंय."

ऑफिसने एक महिना करून बघायला दिला. सकाळी नऊला डॉक्टरांच्या फाइली कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, टाइप करायच्या आणि दुपारी तीनच्या आत परत पाठवायच्या. महिन्यात तीन वेळा तीनच्या पुढे गेलं, तर घरचं काम बंद. मग एकतर ऑफिसात जायचं, नाहीतर नोकरी सोडायची. आणि नोकरी सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती. तिने ती लग्नाच्या आधीपासून धरून ठेवली होती.

मुलाने एका ऑफिसातून काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला. पांढरा असावा मुळात, आमच्याकडे आला तेव्हा चहा सांडलेल्या धोतरासारखा दिसत होता. त्याला मॉडेम म्हणजे एक काळा डबा, पुढे लाल दिवे, मागे फोनची वायर. जोडणी करायची म्हटली की डबा आधी नंबर फिरवायचा, मग किंचाळायचा, मग घसा खाकरायचा, मग गप्प बसायचा. गप्प बसला की झालं जोडून. पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर दिसायचे, त्यांच्याजवळ बाण नेला की आकडा यायचा. आकडा मोठा तर काम लवकर.

डब्यावर छापलं होतं छप्पन हजार. पहिल्या दिवशी आमच्याकडे आला सव्वीस हजार चारशे.

"निम्मा पण नाही," सून म्हणाली.

"डब्यावर छापलेलं कधी खरं असतं का?" नवरा म्हणाला. "आमच्या कारखान्यात पंख्यावर काय काय छापायचे."

सव्वीस हजारावर फाइली उतरायला पावणेदोन तास लागायचे. मध्ये तुटलं की चालू असलेली फाइल पहिल्यापासून. उतरून होईपर्यंत पावणेअकरा. मग पोरीचं खाणं, पोरीचं झोपणं, आणि कानात तो मार खाणारा डॉक्टर. पहिल्या चार दिवसांत ती तीनला दहा कमी, तीनला पाच कमी, अशी पाठवत होती. शेवटी शेवटी मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

आता शेजारणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या भिंतीला भिंत लावून एक भाभी राहायच्या. रायगडच्या, म्हसळ्याकडच्या. माझ्याच वयाच्या, नवरा गेलेला, मुलगा कुवेतला. सगळी सोसायटी त्यांना भाभी म्हणायची, मीही. फोन मिळायला वर्षानुवर्षं लागायची त्या काळात त्यांच्या मुलाने सुट्टीवर आला असताना मला विचारलं, "मावशी, तुमच्या फोनवरून अम्मीला एक पॅरलल देऊ का?" मी हो म्हटलं. त्यानेच आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पॉइंटला वायर जोडली, खिडकीच्या गजातून बाहेर काढली, कपडे वाळवायच्या दोरीबरोबर नेली आणि त्यांच्या खिडकीतून आत घेतली.

नवऱ्याला सांगितलं नाही. अशी दुसऱ्याच्या घरात लाइन देणं कायद्यात बसत नव्हतं आणि आमचा माणूस रांगेत पुढे कोणी नसलं तरी रांगेत उभा राहणारा. त्याला कळलं असतं तर त्याने संध्याकाळपर्यंत वायर कापली असती आणि टेलिफोनवाल्यांना माफीचं पत्रही टाकलं असतं. त्याला ती वायर केबलवाल्याची वाटायची. दर महिन्याला केबलवाला दारात आला की हा त्याला झापायचा, "ती आमच्या दोरीवरची वायर काढ आधी!" तो बिचारा खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "काका, ती माझी नाय." हा म्हणायचा, "मग काय माझी आहे?" मी तोपर्यंत कुकर लावायला घ्यायची.

व्यवस्था साधी होती. दर शुक्रवारी दुपारी कुवेतहून फोन यायचा. मी उचलायची, लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायची, पलीकडे भाभी उचलायच्या, मी ठेवायची. नवरा त्या वेळेला झोपलेला असायचा. एकदा जागा झाला आणि म्हणाला, "काय ठोकतेस?" मी म्हटलं, "झुरळ." त्यानंतर त्याने झुरळांचं औषध आणलं. दोनदा.

तर पहिल्या आठवड्यातला शुक्रवार. सून दोन वाजता झालेल्या फाइली पाठवायला जोडणी करून बसली आणि मध्येच तुटली. परत जोडली, परत तुटली. तिसऱ्यांदा धड लागली तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं. पहिला उशीर झाला.

सून पोरीला घ्यायला आत गेली. मी भाजी आणते म्हणून बाहेर पडले आणि शेजारचं दार वाजवलं.

"भाभी, तुम्ही आता फोन उचलला होता?"

"उचलला ना! पोराचा फोन नाय आला, म्हटलं मेलाय का काय हा फोनचा डबा. तर ताई, आत कोनतरी कन्हत होतं. मी दोन-तीनदा उचलून बघितलं, कन्हतंच हाय. मी घाबरून ठेवून दिला."

"ती माझी सून काम करत होती."

"अशी कन्हत?"

मी त्यांना समजावलं. तीन वाजेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, मुलाला साडेतीननंतर करायला सांगायचं. भाभींनी कानाची पाळी पकडली. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला. फोन उचलला तरच त्रास होणार, नुसता ठेवलेला फोन कोणाचं काय वाकडं करतो? असं माझं डोकं. सुनेला मात्र मी सांगितलं नाही. ती नवऱ्याशी काही लपवत नसे आणि माझा मुलगा बापाशी काही लपवत नसे. हा त्या दोघांचा दोष आहे.

रविवारी सुनेने एक शंभरपानी वही आणली. म्हणाली, "आता नीट शोधायचं. रोज एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही. रोज सकाळी आणि दुपारी जो आकडा येईल तो लिहायचा. मी त्या वेळेला पोरीत असते. आई, तुम्ही लिहाल? आकडे वाचता येतात ना?"

"चौथी पास आहे मी. चौथीपर्यंत आकडेच शिकवायचे. बाकी वेळ मारायचे."

तर वही माझ्याकडे आली. तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशी काय बदललं, ते. माझं अक्षर मोठं, त्यामुळे एका पानावर तीनच दिवस बसायचे. सून म्हणाली, "आई, जरा बारीक लिहा." मी म्हटलं, "वही तुझी आहे, डोळे माझे आहेत."

पहिल्या दिवशी मॉडेमपासून भिंतीपर्यंतची लांबलचक गुंडाळी काढून छोटी वायर लावली. आकडा सव्वीस हजार चारशे. दुसऱ्या दिवशी हॉलमधला आमचा फोन काढून नुसता मॉडेम लावला. अठ्ठावीस हजार आठशे. सगळ्यांना वाटलं, जमलं. दुपारी परत सव्वीस. तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइट बंद. मुलाने कुठेतरी वाचलं होतं की ट्यूबमुळे तारेत खरखर येते. अंधारात बसून सव्वीस. नवऱ्याचं म्हणणं कॉम्प्युटर तापतो. त्याने स्वतःचा टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लावला आणि स्वतः घामाघूम होऊन पेपर वाचत बसला. कारखान्यात मशीनला जेवढा मान दिला तेवढा मला दिला असता तर मी आज वेगळंच काहीतरी लिहीत असते. पंख्याच्या वाऱ्यातही सव्वीस.

मुलगा रात्री जेवून झालं की कॉम्प्युटरच्या पोटातल्या जुन्या फाइली काढून टाकायचा. मॉडेमचा प्रोग्रॅम काढून परत घातला. बोलता बोलता दुसरा फोन आला की टूं टूं वाजणारी सोय होती, ती बंद करायला काहीतरी नंबर फिरवला. त्याने एक झालं, मध्येच तुटणं थांबलं. पण आकडा तिथेच.

बुधवारी परदेशातल्या डॉक्टरांना काय झालं होतं कोण जाणे, फाइली नेहमीपेक्षा जास्त आल्या. उतरायलाच साडेअकरा झाले. त्या दिवशी सून जेवली नाही. मी पोर घेऊन जिन्यात बसले. तीन वाजून वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "दुसरा." ऑफिसातल्या तिच्या वरच्या बाईचा मेल आला. फोन करायचा होता म्हणे तिला, पण फोन दिवसभर एंगेज. सून म्हणाली, "उशीर का, हे विचारायला ती फोन करते आणि तिला फोन लागत नाही, याचीच तर तक्रार आहे माझी."

गुरुवारी लाइनमन आला. मुलाने तक्रार टाकली होती. साधा माणूस, खांद्याला पिशवी. खाली खांबावर जाऊन आला, जिन्यातल्या डब्यात बघितलं, हॉलमधल्या पॉइंटला स्वतःचा फोन लावून कानाशी धरला.

"बाहेरून लाइन ओके आहे," तो म्हणाला. "घरात कुठेतरी गळतंय. अजून एखादा फोन आहे का याच्यावर? बेडरूममध्ये, किचनमध्ये?"

सून म्हणाली, "किचनमध्ये जुना पॉइंट आहे, पण त्याला काही लावलेलं नाही. हो ना, आई?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाइनमनने स्वयंपाकघराकडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

"नाही," मी म्हटलं. "तिथे भांडी ठेवली आहेत. तुम्ही बसा, चहा घ्या."

तो बसला. चहा चांगला केला होता मी, आलं घालून. तो पिऊन गेला.

मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, पण खोटं कमी. त्या दिवशी तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. मी स्वतःला सांगितलं, तो फोन तीनपर्यंत कोणी उचलत नाही, मग त्याचा काय संबंध? आणि वायर सापडली तर हा उद्या कापणार, भाभींचा शुक्रवार जाणार. मी सुनेचं नुकसान करते आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. पण लाइनमन गेल्यावर मी त्या कोपऱ्यात गेले आणि पॉइंटसमोर खरोखरच डबे मांडून ठेवले. ज्याला काही वाटत नाही तो असं करत नाही.

त्याच रविवारी भाभी गावाला निघाल्या, भाच्याच्या लग्नाला, आठ दिवस. किल्ली माझ्याकडे द्यायला आल्या. त्यांचा फोन साधा नव्हता. मुलाने कुवेतहून आणलेला, आरपार दिसणारा, आणि त्याच्या बटणांत हिरवे दिवे. फोन ठेवलेला असला तरी दिवे मंद जळत असायचे. आईला अंधारात नंबर दिसावेत म्हणून आणलेला. भाभींना त्या फोनचं फार कौतुक.

"डबा काढून कपाटात ठेवलाय, कुलूप लावलंय," त्या म्हणाल्या. "पोरानं प्रेमानं दिलाय, चोरी झाला तर?"

"तुमच्या घरात चोर आला तर त्याला तेवढाच दिसेल, दिवे आहेत ना," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मॉडेम किंचाळला, खाकरला, गप्प झाला. मी चष्मा लावून आकडा वाचला आणि परत वाचला. चव्वेचाळीस हजार.

"सूनबाई, इकडे ये. हा आकडा चुकला आहे."

चुकला नव्हता. फाइली एका तासात उतरल्या. मंगळवारी पंचेचाळीस हजार दोनशे. बुधवारी चव्वेचाळीस. सून अडीचला काम संपवून पोरीला आंघोळ घालायला लागली. घरात एकदम तीन इंजिनीयर तयार झाले. नवरा म्हणाला, पंख्याचा परिणाम हळूहळू होतो. मुलगा म्हणाला, प्रोग्रॅम परत घातला होता ना, तो आता बसला. लाइनमनने खाली खांबावर काहीतरी केलं असणार, असं तळमजल्यावरच्या माणसाचं मत, ते कोणी विचारलं नव्हतं.

सून मात्र वही घेऊन बसली. "या आठवड्यात आपण काहीच बदललेलं नाही. मग वाढला कसा?" तिने सोमवारच्या आकड्यासमोर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

"तुला सुख सोसत नाही," मी म्हटलं. "चाललंय ना? चालू दे."

"आई, का चाललंय ते कळलं नाही, तर का बंद पडलं तेही कळणार नाही."

खरं सांगायचं तर बुधवारी माझ्या मनात आलं होतं. तांदूळ निवडताना आलं. भाभी नाहीत आणि आकडा वाढला. मी ते मनातून काढून टाकलं आणि तांदूळ निवडत राहिले. कपाटातला फोन आणि टेबलावरचा फोन, दोन्ही गप्पच असतात, असं मी मलाच ऐकवलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी भाभी परत आल्या. लग्नातल्या नारळाच्या वड्या घेऊन आल्या. "आल्या आल्या पहिला कपाटातून काढून फोन लावला बघा," म्हणाल्या. माझी वडी तोंडात तशीच राहिली.

सोमवारी सकाळी नऊ. शेवटचा आठवडा. मी वही घेऊन बसले. मॉडेम गप्प झाला आणि आकडा आला, सव्वीस हजार चारशे.

सुनेने तो पाहिला. मग फाइलींची यादी पाहिली. त्या दिवशी पुन्हा जास्त होत्या, त्या बुधवारसारख्या. बोटांवर काहीतरी मोजलं आणि अगदी हळू म्हणाली, "साडेअकराला उतरतील. गेलं, आई. हा तिसरा."

नवरा पेपर बाजूला करून म्हणाला, "पंखा लावू का?"

"पंखा गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "सूनबाई, ते बंद कर आणि माझ्याबरोबर ये. शेजारी एक फोन आहे. आपल्याच लाइनवर."

तिने जोडणी तोडली. "कोणाच्या शेजारी?"

"भाभींकडे. किचनच्या पॉइंटवरून वायर आहे. डब्यांच्या मागून."

"कधीपासून?"

"तू या घरात यायच्या आधीपासून."

"लाइनमनने विचारलं तेव्हा—"

"खोटं बोलले. नंतर भांड. आता चल."

नवरा उभा राहिला. "दोरीवरची वायर? केबलवाल्याची?"

"केबलवाल्याची नाही," मी म्हटलं. "त्याने तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं, तुम्ही ऐकलं का?"

त्याला बसायला खुर्ची सापडेना.

भाभींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. सून सरळ आत गेली, त्या हिरव्या दिव्यांच्या फोनची पिन ओढून काढली आणि तशीच धावत परत घरी. भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, मी हातपन नाय लावला त्याला. तुमची शप्पथ!"

"माहीत आहे. माझी शपथ घेऊ नका, आज तिला काही किंमत नाही."

भिंतीतून मॉडेमचा आवाज आला. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. मग सुनेचा आवाज आला, "चव्वेचाळीस!" भाभींना काही कळलं नाही, पण त्यांनी पीठभरल्या हाताने माझा हात धरला. पीठ माझ्या साडीला लागलं.

त्या दिवशी काम तीनला सात मिनिटं कमी असताना गेलं. तीन वाजून गेल्यावर सून माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता भांडण. तिने विचारलं, "आई, मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"वायर कापली असतीस."

"मी कापली नसती."

"याने कापली असती." मी नवऱ्याकडे हात केला.

नवरा म्हणाला, "कापलीच असती." प्रामाणिक माणूस आहे.

"तुम्ही पंधरा दिवस माझ्यासमोर बसून आकडे लिहीत होतात," सून म्हणाली. एवढंच. माझ्याशी कोणी ओरडून भांडलं तर मला उत्तर देता येतं. हे असं बोललं की येत नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." हे वाक्य मी लग्नापासून किती वेळा बोलले असेन, ते एका हाताच्या बोटांवर मावेल, आणि बोटं उरतील.

मग ती उठली आणि वही घेऊन शेजारी गेली. तिचं आपलं तेच, एका वेळी एकच गोष्ट. आधी दिव्यांचा फोन लावून आकडा बघितला. मग नुसती वायर, फोन काढून. मग आमच्या हॉलमधला जुना काळा फोन तिकडे लावून. ती पलीकडे पिन बदलायची आणि भिंतीवर ठोकायची, मी इकडे जोडणी करायची आणि आकडा लिहायची. नवरा सोफ्यावर बसून ते ठोकणं ऐकत होता. म्हणाला, "झुरळ?" मी म्हटलं, "हो."

वायरचा दोष नव्हता. काळ्या फोननेही आकडा बेचाळीसच्या खाली गेला नाही. दोष होता दिव्यांचा. ठेवलेला असतानाही तो फोन दिव्यांसाठी आमच्याच लाइनमधून घोट घोट ओढत होता, असं सुनेचं म्हणणं. ती दमली होती, पण खूश होती.

भाभींना सांगणं अवघड गेलं. "म्हंजे माझ्या पोराच्या फोननं तुमच्या पोरीचं काम अडवलं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अडवलं मी. फोन आपला पेटत होता." मग आमचा काळा फोन त्यांच्याकडे गेला, आमच्यासाठी मुलाने दुसरा साधा आणला आणि दिव्यांचा गेला भाभींच्या शोकेसमध्ये, चिनी मातीच्या हरणाशेजारी. नवऱ्याने वायर कापली नाही. भाभींनी स्वतःच्या नावाने फोनचा अर्ज करावा, अशी अट घातली आणि अर्ज स्वतः भरला, एकाही ठिकाणी खाडाखोड न करता. लाइन आल्यावरच वायर काढायची असं ठरलं. पत्र मात्र त्याने कोणाला पाठवलं नाही. बहुतेक केबलवाल्याची माफी मागण्यातच त्याचा माफीचा साठा संपला.

उरलेले चार दिवस सून वेळेत होती. शुक्रवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, फाइली दोन वाजून वीस मिनिटांनी गेल्या. शनिवार-रविवार ती नुसती येरझारा घालत होती. ऑफिसातल्या बाईचा मेल सोमवारी आला. सुनेने मला मराठीत सांगितला. दोनच ओळी होत्या. घरून काम चालू ठेवायला हरकत नाही. आणि उद्यापासून दीडपट फाइली पाठवतो.

"दीडपट!" सून म्हणाली. "आई, दीडपट कशा होतील तीनच्या आत?"

"वेळेवर दिल्यास ना? मग त्यांना वाटलं, बाई रिकामी आहे."

"आता काय लिहू? नाही म्हटलं तर काढतील."

मी दिवाळे गावातल्या कोळणींकडे तीस वर्षं मासे घेतले आहेत. मला त्या बाईचा मेल वाचता आला नाही, पण ती काय करते आहे ते कळलं. "नाही म्हणू नकोस," मी म्हटलं. "सव्वापट लिही. आणि वेळ चारपर्यंत माग. तिने दीडपट म्हटलं ते सव्वावर यायलाच म्हटलंय."

सुनेला पटलं नाही. ऑफिसात असं चालत नाही म्हणाली. तरी तिने लिहिलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा पाठवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिची नोकरी वाटेत टाकून दिली आहे.

संध्याकाळी उत्तर आलं. सव्वापट. वेळ साडेतीन.

"साडेतीन?" मी म्हटलं. "पावणेचार मिळाले असते."